पाण्यावरचा चष्मा

आमच्या घराण्यात कॉन्टॅक्ट लेन्स पहिल्यांदा आल्या त्या मावसबहिणीच्या लग्नात. पाचवीपासून चष्मा लावणारी ही मुलगी. मुंडावळ्यांच्या आड चष्मा बरा दिसणार नाही म्हणून तिनं लग्नाच्या आठच दिवस आधी लेन्स घेतल्या होत्या. मंगलाष्टकं निर्विघ्न पार पडली. मग होमाला बसली, तुपाचा आणि लाह्यांचा धूर उठला आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. मागच्या बायका हळहळल्या, मावशीनं पदर डोळ्याला लावला. मी करवली म्हणून शेजारीच होते. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अगं, रडत नाहीये मी. वाळू गेल्यासारखं खुपतंय." लेन्सची डबी माझ्या पर्समध्ये होती, सोल्यूशनची बाटली मात्र बिऱ्हाडी राहिलेली. एका काकूंनी तोडगा सुचवला, "त्यात काय, नळाखाली धू आणि घाल परत."

नवरीला काकूंचं ऐकायला सवड मिळाली नाही, हे बरंच झालं. धुरानं डोळा खुपला तो त्रास होता. नळाचं पाणी हा धोका होता. लेन्स वापरणारी बहुतेक माणसं त्रासाला वैतागतात आणि धोक्याकडे कानाडोळा करतात. आणि गंमत अशी की दोन्ही प्रकरणं पाण्याचीच आहेत, एक डोळ्यातल्या पाण्याचं, दुसरं डोळ्याबाहेरच्या.

आपण म्हणतो, लेन्स डोळ्यात घातली. खरं तर ती अश्रूंमध्ये ठेवलेली असते. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यावर अश्रूंचा थर असतो, २ ते ५ मायक्रॉनचा. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा धरा. एका डोळ्यातले सगळे अश्रू गोळा केले तर सात मायक्रोलिटरच्या आसपास भरतात. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या चार-पाच पट तरी असतो. त्यामुळे "दोन-दोन थेंब घाल गं" म्हणणाऱ्या आईला बिनदिक्कत सांगावं की दुसरा थेंब गालावरूनच ओघळणार आहे.

एवढ्याशा थरातही तीन तऱ्हेचा माल असतो. कॉर्नियाला चिकटून म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ, त्यात मिसळलेलं खारट पाणी आणि सगळ्यांत वर तेल. मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगते तसा हा तेलाचा तवंग पाण्यावर असतो आणि पाण्याची वाफ होऊ देत नाही. तेल येतं पापण्यांच्या कडेतून. तिथे पापणीच्या केसांमागे बारीक छिद्रांची एक रांग असते. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० ग्रंथी, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मेबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की या ग्रंथी किंचित दाबल्या जातात, उघडली की गवंड्यानं थापी फिरवावी तसं तेल सारखं केलं जातं. मिनिटाला पंधराएक वेळा आपण हे करतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

अश्रू नुसतं वंगण नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंग पेनिसिलिनमुळे जगाला माहीत झाला, पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९२२ मध्ये, त्यानं लायसोझाइम नावाचं जंतू फोडणारं द्रव्य जाहीर केलं होतं. ते अश्रूंमध्ये भरपूर असतं. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस सोडायचा. म्हणजे डोळ्याचा धोबी आणि पहारेकरी दोन्ही कामं हा पातळ थर करतो.

आता यात लेन्स ठेवा. मऊ लेन्स मध्यभागी साधारण केसाएवढी जाड असते. आपल्याला ती नगण्य वाटते, पण अश्रूंच्या थराच्या मानानं ती वीस-तीस पट जाड आहे. वाटीभर रश्श्यात ताट बुडवण्यातलाच हा प्रकार. थराचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या खाली अडकतो, दुसरा वर राहतो. वरच्या भागाला धरून ठेवायला खाली म्युसिन नसतं, त्यामुळे तो आणखी पातळ होतो, आणि त्यावर तेल नीट पसरत नाही. मग वाफ लवकर होते. उरलेलं पाणी जास्त खारट होतं, आणि खारट पाणी कॉर्नियाच्या पेशींना झोंबतं. लेन्स स्वतःही पाणी गमावते. पापणीच्या आतल्या कडेची एक अरुंद पट्टी दर उघडझापीला लेन्सवरून घासत जाते. ओलावा असला तर ती घसरते, नसला तर खरवडते. डोनाल्ड कॉर्ब या अमेरिकी नेत्रतज्ज्ञानं २००२ मध्ये त्या पट्टीवर उठणारे ओरखडे रंग घालून दाखवून दिले. दिवसभर ठीक असलेल्या लेन्स संध्याकाळी सहानंतर डोळ्यांत का मावत नाहीत, याचं बरंचसं उत्तर त्या पट्टीत आहे.

डॉक्टर हे मोजतात कसं? डोळ्यात फ्लुरेसिन नावाचा नारिंगी-पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात बघतात. पापणी उघडी ठेवायला सांगतात आणि सेकंद मोजतात. हिरव्या चकाकीत पहिला काळा ठिपका उठला की तिथे थर फाटला असं समजायचं. निरोगी डोळ्यात हे व्हायला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. लेन्सच्या वरचा थर बऱ्याचदा त्याच्या निम्म्या वेळातच फाटतो. दुसरी चाचणी जुनी, ऑटो शिर्मर यानं १९०३ साली सुचवलेली. खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचं. पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळ्यात पाणी फारच कमी आहे.

इथे नवरीच्या धारांचा उलगडा होतो. "डोळ्यांतून पाणी येतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत" ही तक्रार नेत्रतज्ज्ञ रोज ऐकतात. रोजचे अश्रू झिरपून येतात. थर फाटला, धूर लागला, कॉर्निया उघडा पडला की त्याच्या चेता बोंब ठोकतात, आणि कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत जास्त चेतातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे. मग मोठी अश्रुग्रंथी आगीचा बंब सोडावा तसं पाणी सोडते. त्या पाण्यात तेलाचा मेळ नसतो, ते टिकत नाही, गालावरून निघून जातं. पूर येऊन गेला तरी विहीर कोरडीच. गंमत म्हणजे कांदा चिरताना मात्र अनेक लेन्सवाल्यांना पाणी येत नाही, कारण कॉर्नियावर झाकण असतं. लेन्सचा स्वयंपाकघरातला फायदा इथेच संपतो. हिरव्या मिरचीचं तिखट तेलात विरघळतं, साबणानं हात एकदा धुतल्यानं ते जात नाही. ठेचा करून उठलेल्या हातानं रात्री लेन्स काढणं काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यानंच सांगावं. लेन्स आधी काढायची, ठेचा मग. हा नियम मी एका रात्रीत शिकले.

दुकानात "जास्त पाण्याची लेन्स घ्या, डोळे कोरडे पडणार नाहीत" असा सल्ला मिळतो. ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. पण लेन्सला स्वतःचा झरा नसतो. पाणी हवेत गेलं की ती डोळ्यातूनच ओढून घेते, त्यामुळे पाण्याचं प्रमाण जास्त असलेल्या लेन्स काहींच्या डोळ्यांत जास्तच सुकतात. कुणाला कोणती चालेल हे डब्यावरच्या आकड्यावरून कळत नाही, लावून आणि तपासून कळतं.

लेन्स वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक कधी ना कधी कोरडेपणाची कुरकूर करतात. अनेक जण याच कारणानं लेन्स सोडून देतात. पण सगळा दोष लेन्सवर ढकलायला मी तयार नाही. लेन्स चहाडखोर आहे, डोळ्याची जी उणीव एरवी झाकून जाते ती ती चव्हाट्यावर आणते. स्क्रीनपुढे बसलं की पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते आणि जी होते तीही अर्धवट. वर एसीचा झोत. पुण्यात तर हेल्मेटची काच वर करून स्कूटर चालवणं ही संस्कृती आहे, तो वारा थेट डोळ्यावर येतो. मग औषधं. सर्दी-खाजेच्या अँटिहिस्टामिन गोळ्या अश्रू आटवतात. मुरमांसाठी देतात ते आयसोट्रेटिनॉइन मेबोमियन ग्रंथींचं तेल कमी करतं, आणि ते घेणारा वयोगट आणि पहिल्यांदा लेन्स लावणारा वयोगट नेमका एकच असतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास बायकांचे डोळे कोरडे पडू लागतात. वीस वर्षं सुखानं लेन्स लावलेल्या बाईला पंचेचाळिशीत अचानक त्या खुपायला लागतात, आणि ती कंपनी बदलत बसते.

उलटा प्रकारही घडतो, सगळं खापर कोरडेपणावर फोडण्याचा. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रकरण छापून आलं. बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहल इथल्या रुग्णालयात ६७ वर्षांची एक बाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आली होती. भूल देताना डॉक्टरांना वरच्या पापणीखाली निळसर गोळा दिसला. तो १७ लेन्सचा होता, म्युसिननं एकमेकींना चिकटलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी १० निघाल्या. ही बाई पस्तीस वर्षं महिन्याच्या लेन्स वापरत होती, पण तपासणीला नियमित जात नव्हती. डोळा खुपायचा तेव्हा तिला वाटायचं, कोरडा पडला असेल, वय झालं. एक गोष्ट मात्र या प्रकरणात दिलासा देणारी आहे. सत्तावीस लेन्स हरवल्या तरी एकही डोळ्याच्या मागे गेली नाही. जाऊच शकत नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, तिथे पिशवीचं तोंड बंद होतं. लेन्स मेंदूत जाईल म्हणणाऱ्या आजीला हे सांगता येईल.

कॉर्नियाला पाण्याइतकीच हवाही लागते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर आरपार दिसलं नसतं. म्हणून तो प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंमधून विरघळवून घेतो. त्यावर झाकण ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्या प्रत्येकाला ही अडचण आडवी आली. जर्मन डॉक्टर अडॉल्फ ओयगेन फिक यानं झ्युरिकमध्ये १८८८ साली काचेच्या लेन्सचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुंकून केलेला काचेचा वाडगा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारा, आत द्राक्षशर्करेचं पाणी. आधी सशांवर, मग स्वतःवर, मग इतरांवर त्यानं तो वापरून पाहिला. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्यानं स्वतःच्या जबर ऱ्हस्वदृष्टीसाठी अशाच लेन्स केल्या आणि त्यावर प्रबंध लिहिला. त्याला त्या अर्धा तासच सहन झाल्या. प्लॅस्टिक आल्यावर लॉस एंजेलिसच्या केव्हिन टुओहीनं १९४८ मध्ये फक्त कॉर्नियापुरती छोटी लेन्स केली. पण ते प्लॅस्टिकही हवाबंदच होतं, जी काही हवा मिळायची ती उघडझापीबरोबर कडेनं शिरणाऱ्या अश्रूंतून.

मऊ लेन्सचा जन्म मात्र एखाद्या हौशी माणसाच्या माळ्यावर व्हावा तसा झाला. ऑटो विख्टर्ले हा प्रागचा रसायनशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये राजकीय साफसफाईत त्याला अध्यापनाच्या जागेवरून काढलं होतं. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक त्यानं आणि द्रहोस्लाव लीमनं आधीच बनवलेलं होतं, पण साच्यात लेन्स ओतली की कडा फाटायच्या. १९६१ च्या नाताळात त्यानं घरच्या टेबलावर मुलांचा मेर्कुर नावाचा मेकॅनोसारखा खेळ मांडला, त्याला सायकलचा डायनॅमो जोडला, दाराच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात द्रव सोडला. फिरता-फिरता द्रव वाटीसारखा पसरला आणि तसाच थिजला. पहिल्या चार लेन्स निघाल्या. पुढच्या चार महिन्यांत त्यानं आणि त्याच्या बायकोनं, लिंडानं, अशा साडेपाच हजार लेन्स केल्या. हक्क अमेरिकेला विकले गेले, आणि १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या मऊ लेन्सना तिथे परवानगी मिळाली. आज जगात बहुतेक जण मऊ लेन्सच लावतात. विख्टर्लेचं ते खेळण्यासारखं यंत्र बघितलं की पोरांना खेळ घेऊन देताना हात आखडता घेऊ नये असं वाटतं.

विख्टर्लेच्या लेन्समध्ये हवा पाण्यातून जायची, आणि ती पुरेशी नव्हती. वर्षानुवर्षं रोज बारा-चौदा तास लेन्स घालणाऱ्यांच्या कॉर्नियात कडेकडेनं रक्तवाहिन्या शिरायच्या, उपाशी गावानं पाण्यासाठी पाट खणावा तशा. १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या. सिलिकॉनमधून हवा सहज जाते. उपासमार मिटली. आता झोपतानाही लेन्स काढायला नको, असं वाटलं. महिनाभर न काढता घालायच्या लेन्स बाजारात आल्या. आणि इथेच हिशेब चुकला.

मिटलेल्या डोळ्याला उघड्या डोळ्याच्या साधारण एकतृतीयांश प्राणवायू मिळतो. लेन्स नसतानाही सकाळी उठतो तेव्हा कॉर्निया तीन-चार टक्के सुजलेला असतो. पण सूज एवढीच अडचण नव्हती. कडक लेन्सच्या खाली दर उघडझापीला दहा-वीस टक्के अश्रू बदलतात, मऊ लेन्सच्या खाली एक-दोन टक्केच. म्हणजे धोबी जवळजवळ संपावर. झोपेत तर उघडझापच नाही. साठलेल्या पाण्यात, कोमट जागेत, जिथे पहारेकरी फिरकत नाही तिथे जंतूंचं फावतं. सर्वांत वाईट स्युडोमोनास नावाचा जिवाणू. तो ओलसर जागी सगळीकडे सापडतो आणि एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. १९८९ मध्ये अमेरिकेत मोजणी झाली. रात्री काढून ठेवणाऱ्या दहा हजारांत वर्षाला चार जणांच्या कॉर्नियाला जंतुसंसर्ग व्हायचा, घालून झोपणाऱ्या दहा हजारांत एकवीस जणांच्या. सिलिकॉन आल्यावर, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आकडे आले. साध्या मऊ लेन्स दिवसा घालणाऱ्यांत दोन, घालून झोपणाऱ्यांत वीस, आणि सिलिकॉनच्या लेन्स घालून झोपणाऱ्यांत पंचवीस. हवा मिळाली म्हणून जंतू गेले नाहीत. बसमध्ये लागलेली दुपारची डुलकीसुद्धा या हिशेबात झोपच. रात्रीच घालायच्या खास कडक लेन्सही असतात, नंबर वाढू नये म्हणून मुलांना देतात, पण ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

हे आकडे लहान वाटतात, आणि आहेतही. पण संसर्ग झालेला तो एक जण बरा झाला तरी कॉर्नियावर व्रण राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. भाषेनं इतक्या कुरूप गोष्टीला इतकं सुंदर नाव का दिलं असेल, कोण जाणे. फूल नेमकं मध्यावर पडलं तर चष्म्यानं काही होत नाही.

आता काकूंच्या नळाकडे. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, म्हणजे पोटाला चालतं. पोटात आम्ल आहे. डोळ्यात नाही. नळाच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो जिवाणू खाऊन जगतो, आणि दिवस वाईट आले की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून पडून राहतो. क्लोरिनला हे कवच दाद देत नाही. मऊ लेन्सला हा चिकटतो, लेन्स त्याला कॉर्नियावर नेऊन पोहोचवते, आणि तिथे तो खात सुटतो. वेदना डोळ्याच्या दिसण्याच्या मानानं फारच जास्त असतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात, सुरुवातीला तर तासातासाला थेंब. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा रुग्णांचा शोध घेतला तेव्हा कळलं की अनेक जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करत होते. इंग्लंडमध्ये हा आजार अमेरिकेपेक्षा जास्त आढळतो, आणि संशोधकांनी त्याचा संबंध घराच्या वरच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याशी जोडला. टाकीत पाणी साठतं, तळाशी गाळ बसतो, त्यावर जिवाणू, जिवाणूंवर अमीबा. हे वाचल्यापासून मला गच्चीवरची काळी टाकी दिसते आणि ती शेवटची कधी धुतली ते आठवत नाही.

भारतातलं चित्र थोडं वेगळं आहे. पाश्चात्त्य देशांत या अमीबाचे बहुसंख्य रुग्ण लेन्सवाले असतात. आपल्याकडे बहुसंख्य लेन्स न लावणारे, ज्यांच्या डोळ्यात शेतात माती, काडी, डबक्याचं पाणी गेलेलं असतं. म्हणजे जीव इथे आधीपासूनच आहे. शहरातल्या लेन्सवाल्यांनी त्याला नवा रस्ता करून द्यायची गरज नाही.

सोल्यूशन असलं म्हणजे झालं, असंही नाही. २००६ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगमधून आणि नंतर अमेरिकेतून फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाच्या बातम्या येऊ लागल्या. एकट्या अमेरिकेत १६४ रुग्ण पक्के झाले, जवळजवळ सगळे मऊ लेन्सवाले. धागा बॉश अँड लॉम्बच्या एका सोल्यूशनपर्यंत पोहोचला आणि कंपनीनं मे महिन्यात ते जगभरातून मागे घेतलं. गंमत म्हणजे ते सोल्यूशन डोळे कोरडे पडू नयेत म्हणूनच खास बनवलेलं होतं. प्रयोगशाळेच्या अटींत ते बुरशी मारत होतं. घरात मात्र लोक डबीतलं कालचं सोल्यूशन फेकत नव्हते, त्यात वरून थोडं नवं घालत होते. आपल्याकडे यावर भाष्य करायला नको, उरलेल्या आमटीत पाणी घालून वाढवणं आपल्या रक्तात आहे. पण डबीत ते चालत नाही. डबी रोज रिकामी करायची, ताज्या सोल्यूशननं धुऊन पुसायची, उपडी ठेवून वाळू द्यायची, तीन महिन्यांनी फेकून द्यायची. आणि तळव्यावर लेन्स ठेवून बोटानं चोळायची, "न चोळता स्वच्छ" असं बाटलीवर छापलेलं असलं तरी. अमेरिकेत २०१५ च्या एका सरकारी पाहणीत लेन्स वापरणाऱ्यांपैकी ९९ टक्के लोकांनी स्वच्छतेतली एखादी तरी चूक कबूल केली होती. उरलेला एक टक्का खोटं बोलला असावा असा माझा संशय आहे.

खर्च झेपत असेल तर रोज फेकायच्या लेन्स बऱ्या. डबी नाही, सोल्यूशन नाही, आळसाला वाव नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तीच घालायचा मोह टाळायचा. आंघोळ लेन्स लावायच्या आधी. बादली-तांब्याची असो की शॉवरची, डोक्यावरून पाणी घेताना डोळा पूर्ण मिटत नाही. पावसात भिजून आलात, कोकणात समुद्रात उतरलात, वॉटर पार्कला गेलात, तर लेन्स काढून ठेवा किंवा निदान बाहेर आल्यावर ती जोडी टाकून द्या. रंगपंचमीला चष्माच. लेन्स रंग शोषते आणि धरून ठेवते. मेकअपच्या आधी लेन्स लावायची, उतरवतानाही आधी लेन्स. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर ओढलं की ते मेबोमियन ग्रंथींच्या तोंडावरच बसतं. लग्नासाठी किंवा स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मैत्रिणीच्या घाऱ्या लेन्स लावून बघणं तर टूथब्रश उसना घेण्यासारखं.

डोळे कोरडे वाटले तर थेंब घालावेत, पण कोणते ते बघून. बऱ्याच थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचं द्रव्य असतं. मऊ लेन्स ते शोषून दिवसभर डोळ्यात झिरपवत राहते. लेन्सवर घालायचे थेंब वेगळे, त्या द्रव्याशिवायचे असतात. गुलाबपाणी, मध, एरंडेल यातलं काही नको. त्यापेक्षा रात्री लेन्स काढल्यावर पापण्यांवर पाच-दहा मिनिटं गरम कपड्याचा शेक घ्यावा. साचलेलं तेल पातळ होतं आणि बाहेर येतं. तर्री परत आली की अर्धं काम होतं.

एक फरक ओळखता यायला हवा. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि पुण्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा गल्लोगल्ली लाल डोळे दिसत होते. साथीत सहसा दोन्ही डोळे येतात, चिपडं येतात, चुरचुरतं, पण नजर शाबूत असते. एकच डोळा लाल, ठणका, उजेड सहन होत नाही आणि अंधुक दिसतंय, असं असलं तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. औषधाच्या दुकानातून "लाल डोळ्यावर काहीतरी द्या" म्हणून थेंब आणायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली आणि ठणका एक-दोन दिवस दबतो, आणि तेवढ्यात बुरशी किंवा अमीबा आत उतरतो. काढलेली लेन्स फेकू नका. डबीसकट डॉक्टरांकडे न्या, जंतू कोणता ते कधी कधी डबीतूनच कळतं.

आता शेवटचा एक चमत्कारिक भाग. ज्यांचे डोळे सर्वांत कोरडे असतात त्यांना कधी कधी डॉक्टर लेन्सच देतात. एखाद्या औषधाच्या भयंकर प्रतिक्रियेतून होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन आजार अश्रूंचे झरेच जाळून टाकतो. शोग्रेनच्या आजारात शरीर स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर हल्ला करतं. अशा रुग्णांसाठी स्क्लेरल लेन्स असतात, पंधरा ते वीस मिलिमीटर रुंद, कडक पण हवा जाऊ देणाऱ्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी त्या प्रत्येक डोळ्याच्या मापानं बसवल्या जातात. ही लेन्स कॉर्नियाला शिवतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावर घुमटासारखी उभी राहते, आत निर्जंतुक सलाइन. फिकचा काचेचा वाडगाच तो, फक्त आता श्वास घेणारा. रुग्ण सकाळी आरशासमोर बसतो, मान पूर्ण खाली घालतो, जमिनीशी समांतर. सलाइननं काठोकाठ भरलेला वाडगा बोटांवर तोलून खालून वर आणतो आणि डोळा त्यात बुडवतो. मग आरशात बघतो. आत हवेचा बुडबुडा दिसला तर लेन्स काढायची, पाणी पुन्हा भरायचं, मान पुन्हा खाली घालायची.